लक्ष्मणरावांचा लाल दिवा

लाल दिवा म्हटलं की आपल्याकडे मंत्र्याची गाडी आठवते. लक्ष्मणराव सेलूकरांचा लाल दिवा गाडीवर नव्हता, त्यांच्या अभ्यासाच्या खोलीच्या दारावर होता. दरारा मात्र मंत्र्यापेक्षा तसूभरही कमी नाही!

लक्ष्मणराव लेसरचे शास्त्रज्ञ. डोळ्यांना न दिसणाऱ्या लेसरवर त्यांचं उभं आयुष्य गेलं. किरण दिसत नाही, पण डोळ्यात शिरला तर डोळा जातो. म्हणून प्रयोग सुरू असला की प्रयोगशाळेच्या दारावर लाल दिवा लावायचा आणि तो विझेपर्यंत कुणी आत पाऊल टाकायचं नाही, हा तिथला नियम. नियम चांगलाच होता. पण या गृहस्थानं तो चिकलठाण्याच्या आपल्या बंगल्यातही आणला. घरी कसला आलाय लेसर? घरी कागद, पेन आणि गणितं. तरी दारावर दिवा बसवला. तो लागला की त्यांची बायको पद्मजाबाई कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायच्या नाहीत, आणि लहानगी वैदेही व्हरांड्यात बसून वाट बघता बघता तिथंच झोपी जायची.

त्या दिव्याखाली मोठं काम झालं, हे नाकारून चालणार नाही. देशात मान मिळाला, परदेशातून पदकं आली. मग पद्मजाबाई गेल्या, वैदेही लग्न होऊन बंगळूरला गेली, लक्ष्मणराव निवृत्त झाले आणि नवं काही सुचेनासंच झालं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. लक्ष्मणराव रोज सकाळी आत जायचे, दिवा लावायचे आणि कालचंच वर्तमानपत्र पुन्हा वाचत बसायचे. दिवा न लावता बसावं तर स्वयंपाकाच्या गोजरबाई विचारणार, "आज काम नाय व्हय, सायेब?" त्याला काय उत्तर द्यायचं? गोजरबाई चहा दाराबाहेर स्टुलावर ठेवून जायच्या. तो गार व्हायचा आणि लक्ष्मणराव तो गारच प्यायचे. दिवसचे दिवस माणसाशी बोलणं व्हायचं नाही. विमानतळ जवळ, त्यामुळे डोक्यावरून विमान गेलं की तेवढीच काय ती जाग.

यंदा त्यांना देशातला एक फार मोठा पुरस्कार मिळाला आणि शहरातल्या लोकांनी सत्कार ठरवला. वैदेहीचा फोन आला, "बाबा, मी येतेय." तेव्हाच लक्ष्मणरावांनी मनाशी पक्कं केलं. या खेपेला तिला सांगायचं, मला तुझ्याकडे घेऊन चल. परदेशातल्या भरल्या सभागृहांत तासन्‌तास बोललेला हा माणूस, पण एवढं एक वाक्य काही केल्या त्याच्या जिभेवर बसेना.

औरंगपुऱ्यातल्या हॉलमध्ये सत्कार झाला. फेटा, शाल, श्रीफळ, भाषणं. शेवटी लोकांनी वैदेहीला बोलायला उभं केलं. ती अभिमानानं म्हणाली, "आमच्या बाबांना कुणाचीच गरज लागत नाही. आई मला एकच शिकवायची, बाबांना त्रास द्यायचा नाही. मी आजही देत नाही." टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. लक्ष्मणरावांनी उगाच फेटा सारखा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैदेहीची बॅग भरून झाली. आता सांगायलाच हवं होतं. "जरा आत जाऊन येतो," म्हणून लक्ष्मणराव खोलीत गेले. वाक्य एकदा नीट घोकावं आणि बाहेर येऊन म्हणावं, एवढाच बेत. पण दार लोटता लोटता हात सवयीनं दिव्याच्या बटणाकडे गेला. त्यांना कळलंसुद्धा नाही.

थोड्या वेळानं वैदेहीची पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. आता दार वाजवेल, लक्ष्मणरावांना वाटलं. त्यांनी सदराही सारखा केला. पावलं तशीच मागं फिरली. लहानपणापासून अंगात मुरलेली शिस्त, ती आज कशी मोडणार? मग फाटकाची कडी वाजली आणि लक्ष्मणरावांची नजर बटणाकडे गेली. ते अनवाणीच धावले.

वैदेही टॅक्सीत बॅग ठेवत होती. "अहो बाबा, काम सोडून कशाला आलात? दिवा दिसला म्हणून मी न सांगता निघाले."

"काम नव्हतं."

"म्हणजे?"

"काम नाहीच, वैदेही. निवृत्त झाल्यापासून नाही. नुसता दिवा लावून बसतो."

ती बॅग तशीच सोडून त्यांच्याकडे वळली. आता ही हात धरेल, आपणच म्हणेल, चला माझ्याकडे. मागायची वेळच येणार नाही, असं त्यांना वाटून गेलं. तिनं वेगळंच विचारलं.

"मी लहान असताना तरी काम असायचं ना, बाबा?"

हो म्हणणं काय अवघड होतं? पण आयुष्यात प्रयोगाचा एक आकडा त्यांनी कधी खोटा लिहिला नव्हता.

"बहुतेक वेळा," ते म्हणाले.

"बहुतेक?"

"कधी कधी थकलेला असायचो. कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही."

"आई सांगायची, बाबांचं डोकं फार मोठ्या कामात आहे." ती एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला. लक्ष्मणरावांच्या मनात आलं, ज्या तोंडानं हे कबूल केलं, त्याच तोंडानं आता मला घेऊन चल कसं म्हणायचं? वैदेही वाकून पाया पडली, गाडीत बसली आणि काच खाली करून म्हणाली, "वेळेवर जेवत जा."

टॅक्सी जालना रोडला लागली. पदराला हात पुसत गोजरबाई फाटकापाशी आल्या.

"ताई गेल्या व्हय, सायेब? काय म्हनल्या जाताना?"

"जेवत जा म्हणाली," लक्ष्मणराव म्हणाले.