एक्केचाळीस नंबर

सदाशिव पेठेतल्या आमच्या लॅबचा कोणावरच विश्वास नाही. शुक्राणू शून्य मोजले, की दुसऱ्या टेक्निशियननं पुन्हा मोजायचे. एक्केचाळीस नंबरच्या नमुन्यात मला एकही दिसला नाही. मी जयाला बोलावलं. तिनं मायक्रोस्कोपमधून पाहिलं, "शून्यच," म्हणाली आणि सही केली. नमुना माझ्या नवऱ्याचा, प्रज्ञेशचा, हे तिला माहीत नव्हतं. हिंजवडीतल्या ऑफिसात कळेल म्हणून त्यानं नाव लिहू दिलं नव्हतं.

संध्याकाळी रिपोर्ट त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

गेली चार वर्षं देतात तसा काढा सासूबाईंनी माझ्यापुढे ठेवला. "या महिन्यात तरी गुण येऊ दे बाई."

मी पेला उचलला.

"सगळा पी," प्रज्ञेश म्हणाला. "उरवू नकोस."