तोंड दाबून

मी डेटा बोलतोय. हे माझं म्हणणं नाही, सरांचं आहे. "डेटा बोलतो, आपण ऐकायचं," असं ते वर्गात येताच सांगतात आणि मग तासभर स्वतःच बोलतात.

खरं तर मी एक खोकं. दांड्यावर बसवलेलं, बटणांच्या तीन तोंडांचं: हिरवं हसरं, पिवळं मख्ख, लाल रडवेलं. वर पाटी, 'आजचा तास कसा वाटला?' कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईने तिन्ही तोंडं सारखीच दाबून बघितली होती. तेवढा न्याय पुन्हा मिळाला नाही.

व्यवस्थापनाच्या कॉलेजात मला वर्गाच्या दाराशी उभं केलं. विषय, नवकल्पना आणि डेटा विश्लेषण. तास संपला की सर हाताची घडी घालून माझ्या शेजारी उभे राहायचे. पोरं बाहेर पडताना त्यांच्याकडे बघून हसायची आणि हिरवं दाबायची. मार्क सरांच्या हातात. लाल दाबायला कुणाला वेड लागलंय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त तोंड माझं आणि मार पोरांना.

"'पण' म्हणायला शिका! नवकल्पना 'पण'मधून जन्मते!" सर गरजायचे. एका मुलीने ते मनावर घेतलं.

"पण सर, ही उदाहरणं आमच्या जन्माआधीची आहेत."

"पण-बिण शेवटी."

तो शेवट कधी आला नाही. मुलीला मात्र नाव पडलं, पणती.

संध्याकाळी सफाईच्या मावशी फडकं घेऊन यायच्या. सगळ्यांच्या बोटांनी हिरवंच तोंड मळलेलं. "मेल्यांनी हाच गाल किती काळा केलाय गं बाई," म्हणत त्या ते खसाखसा घासायच्या. प्रत्येक घासणीला मी इमानाने नोंद करायचो: समाधानी, समाधानी, समाधानी. कामावर जाता जाता विसरलेली छत्री न्यायला आलेल्या पणतीने एकदा हे पाहिलं आणि ती खुदकन हसली.

सत्र संपताना सरांना शोध लागला. आलेखात संध्याकाळी हिरवा डोंगर! "विद्यार्थी संध्याकाळी सर्वांत आनंदी असतात. पुढच्या सत्रापासून तास संध्याकाळी!"

पणतीचं हसू मावळलं. संध्याकाळी ती औषधाच्या दुकानात काम करायची, त्यावरच तिचं शिक्षण चाललं होतं. तास संध्याकाळी गेले की कॉलेज सुटलं.

संचालकांना वर्गात बोलावून सरांनी शोध मांडला, तेव्हा मला पडद्याला जोडून पुढे उभं केलं होतं. पणती उठली.

"पण सर, संध्याकाळी इथे चिटपाखरूही नसतं. मग आनंदी होतं कोण?"

"खाली बस. डेटा बोलतोय."

"त्याला फडक्यानेही बोलतं करता येतं, सर."

तिने रुमाल काढून माझा हिरवा गाल घासला. पडद्यावरचा आकडा टुणटुण उड्या मारत वर गेला. वर्ग फिदीफिदी हसला. सरांचा चेहरा माझ्या मधल्या तोंडासारखा झाला.

संचालक पुढे झुकले. मला वाटलं, आता न्याय होणार.

"म्हणजे नुसतं पुसलं तरी समाधान वाढतं?"

"हो, सर," पणती म्हणाली.

"उत्तम! दिवसातून चारदा पुसून घ्या."

"आणि तास?" तिने विचारलं.

"ते संध्याकाळीच. एकदा जाहीर केलंय ना."

मोठी माणसं चुकत नाहीत. जाहीर करतात.

पणतीने कॉलेज सोडलं. शेवटच्या दिवशी सर माझ्या शेजारी उभे असतानाच ती आली आणि त्यांच्या डोळ्यांत बघत अंगठ्याने माझं लाल तोंड दाबलं. करकरलंच ते, कधी वापरात नव्हतं ना! सरांनी ती नोंद 'अपवाद' म्हणून पुसली. पण लाल तोंड आत रुतून बसलं होतं. सर एक नोंद पुसायचे, मी दहा पाठवायचो. शेवटी माझी बदली झाली.

आता मी संडासाच्या दाराशी असतो. दुरुस्तीवाल्याने लाल तोंड मोकळं केलंय, पाटी बदललीय, 'स्वच्छता कशी वाटली?' इथे शेजारी कुणी उभं राहत नाही, त्यामुळे लोक खरं बोलतात. अख्ख्या कॉलेजात असा डेटा दुसरीकडे नाही.

काल सर आले होते. नाक मुरडत बाहेर पडले, इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही याची खात्री केली आणि हळूच करंगळीने लाल दाबलं.

केली नोंद. पुसणार नाही.

तुम्हीही कधी माझ्यासमोर याल. खुशाल तोंड दाबा माझं, लाल असलं तरी दाबा. पण अंगठ्याने. आणि कुणीतरी बघत असताना.