दुसरा रकाना

अण्णा वॉर्डाच्या निवडणुकीत पडले, तेही पाचांत चौथे, आणि गावाशी अबोला धरून बसले. तेवीस वर्षं! समोरच्या सलूनवाल्याचा मेहुणाच तेव्हा विरोधात उभा होता, म्हणून सलूनची पायरी बंद. रोज घरीच दाढी करायची आणि हनुवटी कापून घ्यायची.

त्यांच्या लेकीचं कामच जुन्या निवडणुकांचं. मतं तीच ठेवायची, संगणकावर वॉर्डांच्या हद्दी नव्यानं आखायच्या, मोजणीची पद्धत बदलायची आणि निकाल काय लागला असता ते पाहायचं. घरच्या निवडणुकीला मात्र ती हात लावायला धजत नव्हती. पडलेल्या बापाला पुन्हा पाडायचं कसं?

पण माळ्यावर अण्णांची प्रचाराची वही सापडली आणि तिला राहवेना. अण्णा भूमापक. गल्ली अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तातच नाही. मतं मागताना वॉर्डाची हद्द ओलांडून त्यांनी अख्खं गाव पालथं घातलं होतं. ज्यांचं मत मिळणंच शक्य नाही, त्यांच्याही दारात हे हात जोडून उभे! आई अजून हसते. घरागणिक दोन रकाने होते: पसंती कोणाला, आणि तो नसता तर कोणाला.

तिनं सगळी वही संगणकात भरली. दहा हजार नकाशे आखले. एकच खूण करायच्या जुन्या पद्धतीनं अण्णा एकूण एक नकाशात पडले. मग तिनं पसंतीक्रम लावला: दर फेरीत सगळ्यांत मागचा बाद, त्याची मतं दुसऱ्या पसंतीला.

नऊ हजार आठशे एक्काहत्तर नकाशांत अण्णा निवडून आले.

माणसं तीच, त्यांचा शब्दही तोच. एवढ्याशा गावाच्या पोटात इतकी गावं दडली होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना अण्णा हवे होते.

सकाळी अण्णा तोंडाला फेस लावून आरशासमोर बसले होते. तिनं वही पुढे धरली.

"अण्णा, हा दुसरा रकाना तुम्ही कधी मोजलाच नाहीत?"

"मोजून काय करायचं होतं? खूण एकच होती."

तिनं आकडा सांगितला. त्यांनी तो ऐकला की नाही, कोण जाणे. बोट रकान्यावरून खाली सरकत होतं. अण्णा, अण्णा, अण्णा. समोरच्या सलूनपाशी ते थांबलं. पहिला मेहुणा. दुसरे अण्णा.

"सख्ख्या मेहुण्यानंतर मीच?"

ते उठले आणि फेसासकट रस्ता ओलांडून गेले. सलूनवाल्यानं क्षणभर पाहिलं, मग खुर्ची झटकली.

"बसा अण्णा. हनुवटीची काय दशा करून घेतलीत ही!"