जिवंत दगड

बांधकामाच्या परांचीवरून पडल्यापासून सुताराच्या धाकट्या भावाचं मानेखालचं अंग गेलं होतं. जीभ मात्र शाबूत होती आणि तो ती सढळ चालवायचा. छताकडे बघून बघून जीव विटला म्हणाला, म्हणून सुतारानं बाहेरच्या खोलीत, त्याच्या खाटेसमोर, काचेची मोठी टाकी बसवली. टाकीखालचा लाकडी घोडा स्वतः ठोकला. धाकट्याला मासे हवे होते ते समुद्रातलेच.

"मासे लगेच टाकायचे नाहीत," दुकानदारानं बजावलं होतं. "खारं पाणी तयार झालं की आधी हे जिवंत दगड. त्यांच्यावरच्या बारीक जीवांनी पाणी माशांजोगं होतं. तोवर दम धरा. आणि हातमोजे घाला, दगड घासू नका, गरम पाणी तर लावूच नका."

सुतारानं ओल्या कागदातले दगड एकेक करून टाकीत रचले.

"म्हणजे आता दगड बघत पडायचं?" धाकटा हसला. "चला, छताला सुट्टी!"

पण दगड खरंच जिवंत निघाले. त्यांच्यावर तपकिरी बटणांसारखे जीव दाटीनं उमलायचे, मिटायचे. धाकटा तासन्‌तास डोळे लावून असायचा. "दादा, तो कोपरा बघ, काहीतरी चालतंय!"

चालत होती ती बोटभर लांब, केसाळ अळी. सुताराच्या बायकोनं ती पाहिली आणि तिच्या अंगावर काटाच आला.

"आजारी माणसासमोर हे असलं? उकळून काढा ते दगड, नाहीतर टाकी घराबाहेर."

"राहू दे ना, वहिनी," धाकटा म्हणाला. "माझ्याकडे येणारं-जाणारं तेवढंच आहे."

सुतार कात्रीत सापडला. दुकानदाराचं बोलणं तो विसरला नव्हता, पण गरम पाण्यानं फार तर दगड मरतील, असं त्यानं गृहीत धरलं. बटणांनी भरलेले दगड त्यानं मोठ्या पातेल्यात घालून गॅसवर चढवले. थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. वाफ स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत पसरली.

संध्याकाळपर्यंत नवराबायकोला हुडहुडी भरली. तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव, आणि खोकला थांबेना. खोकायलाही छातीत जोर लागतो. तो धाकट्याकडे नव्हता. त्याचे ओठ काळेनिळे पडत चालले होते.

दवाखान्यात सुतारानं काही लपवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दोन ठिकाणी फोन केले आणि मान हलवली. "याला उतारा नाही. श्वास चालू ठेवणं एवढंच आपल्या हातात."

नळी घालायच्या आधी धाकट्यानं डोळ्यांनी भावाला जवळ बोलावलं. "अळी... वाचली का?"

"वाचली," सुतार म्हणाला. त्याला माहीत नव्हतं.

बाहेर येऊन त्यानं दुकानदाराला फोन लावला.

"उकळले?" तो ओरडलाच. "अहो, ती बटणं विषारी असतात! वाफेतून थेट छातीत जातं!"

"विष आहे असं नव्हतं सांगितलंत तुम्ही."



दोन दिवसांनी धाकटा गेला.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. मामांनी सुताराच्या पाठीवर हात ठेवला. "सुटला बिचारा. तुम्हीही सुटलात रे."

सुतारानं तो हात बाजूला केला. "त्याला सुटायचं नव्हतं, मामा. मासे कधी आणतोस, म्हणून तो रोज माझ्या मागे लागायचा."

मामा खाली बघत उठले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही गेले.

घर रिकामं झालं तशी बायको भिंतीला टेकून म्हणाली, "मी म्हणाले म्हणून झालं."

"म्हणालीस तू. गॅस पेटवला मी."

त्यानंतर दोघं एकमेकांना कधी टाकून बोलले नाहीत. पण समोरासमोर बसून जेवणं मात्र त्यांना पुन्हा जमलं नाही.