बूरूलचे चार सोन्याचे दात

मी मेंदूचे फोटो काढते. बिश्केकमधल्या मनोरुग्णांच्या इस्पितळात, तळमजल्यावर, जर्मनांनी वापरून टाकून दिलेल्या मशीनवर. आमचे प्रोफेसर दोरोनबेक मला ‘बटणवाली’ म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांना तेवढीही दाबता येत नाहीत.

गेल्या वर्षी त्यांनी शोध लावला. जुन्या मानसिक आजारात माणसाची आठवण, लक्ष, समज का ढासळते? तर मेंदूचा पुढचा भाग विझतो म्हणून. पुरावा माझ्याच मशीनचा. सोळा रुग्ण, आणि सोळाही जणांच्या फोटोत कपाळामागे काळा खड्डा. सोबत सोळा निरोगी माणसं, त्यांच्यात खड्ड्याचं नाव नाही. निरोगी म्हणजे कोण? सरांचेच विद्यार्थी, चोवीस-पंचवीस वर्षांचे घोडे.

मी पहिल्याच आठवड्यात वर जाऊन सांगितलं होतं, “सर, हा खड्डा मेंदूचा नाही, तोंडाचा आहे. या लोकांच्या दातांवर लोखंडी टोप्या आहेत. धातूजवळ फोटो काळा पडतो. तुमच्या पोरांचे दात अजून घरचेच आहेत.”

“साइरा, सोळा जणांत एकाच जागी खड्डा?”

“दात सगळ्यांचे एकाच जागी असतात, सर.”

ते हसले नाहीत. शरदात अल्माटीला परिषद होती आणि तिथं त्यांना खड्डा दाखवायचा होता. “तू बटणं दाब,” म्हणाले. मी मूग गिळून बसले. नोकरी कुणाला नको असते?

बूरूल एजे, म्हणजे आमच्या बोलीत बूरूलताई, या सोळांतली नववी. अठ्ठावन्न वर्षांची, शिवणकाम करणारी. कानातले आवाज चार वर्षांपूर्वीच औषधानं बंद झालेले. गुरुवारी तिच्यासाठी समिती बसणार होती. डोकं ठिकाणावर ठरलं तर लेकीकडे घरी, नाही ठरलं तर शहराबाहेरच्या सरकारी निवासात, जन्मभर. आणि रविवारी लेकीच्या बाळाला पाळण्यात घालायचं होतं. आमच्याकडे ते काम आजीच्या हातचं. पाळण्याची दुपटी तिनं वॉर्डात बसून शिवली होती, एक टाका वाकडा नाही.

आठवणीच्या परीक्षेत पंधरा शब्दांतले चौदा तिनं धडाधड सांगितले. राहिला तो ‘गेंडा’. “तो इथं कुणी पाहिलाय?” म्हणाली. तरी सरांनी अहवालात लिहिलं, ‘पुढचा मेंदू निकामी.’ मी विचारलं, मग चौदा शब्द कसे आठवले? तर म्हणे, उरलेला मेंदू दुप्पट राबतोय बिचारा! कमी आठवलं तर मेंदू गेला, जास्त आठवलं तरी मेंदू गेला. असल्या शास्त्रापुढे माणसानं करावं काय?

सोमवारी एजे माझ्या दारात. “काय गं पोरी, माझ्या डोक्यात भोक आहे म्हणे?”

माझा राग उफाळला. “भोकबिक काही नाही! तुझ्या दातांमुळे दिसतंय ते.”

“दात? अगं, चारही सोन्याचे आहेत! लग्नात सासूनं बसवले, चांगले धडधाकट दात घासून. सगळी गल्ली बघायला आली होती.”

“सोनं असतं तर एवढा काळोख पडला नसता, एजे. आत लोखंड आहे. वर नुसता पिवळा मुलामा.”

ती मांडीवर थाप मारून ओरडली, “मेली भवानी! जन्मभर ऐकवलंन्, सोन्यानं तोंड भरलंय तुझं, उलटून बोलू नकोस!” आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

हसू ओसरल्यावर तिनं हळूच विचारलं, “दात नसते तर फोटो चांगला आला असता?”

“आला असता,” मी म्हणाले. जीभ झडायला हवी होती माझी.

मंगळवारी तिला लेकीबरोबर दोन तास बाहेर सोडलं. बुधवारी सकाळी ती खाली आली ती गाल सुजवून, तोंडात कापूस. माझ्या हातावर रुमाल ठेवला. त्यात चार पिवळे दात.

“काढ आता फोटो.”

“एजे, हे काय करून बसलीस गं!”

“रडतेस काय? दात बाळाला तरी कुठं आहेत?”

फोटो लख्ख आला. कपाळामागे मेंदू भरलेला, जागच्या जागी. मी दोन्ही फोटो आणि तो रुमाल घेऊन धावत वर गेले. म्हटलं, आता तरी या माणसाचे डोळे उघडतील. सरांनी फोटो शेजारी शेजारी धरले.

“साइरा, बरी झाली! दोन महिन्यांत मेंदू भरून आला! जगात कुणी दाखवलेलं नाही हे!”

“सर, तिनं दात काढलेत. हे बघा, हे!”

“ते टेबलावर नको ठेवूस,” सर म्हणाले आणि लिहायला बसले.

गुरुवारी समितीनं एजेला घरी सोडलं. रविवारी मी गेले होते. तिनं बाळाला पाळण्यात घातलं, पट्टे बांधले, आणि बोळक्या तोंडानं इतकी गोड हसली की मला तिथं उभं राहवेना. सगळे मांस खात होते. ती चहात भिजवलेली पोळी चोखत होती.

सोमवारी तळमजल्याच्या बाकांवर उरलेले पंधराही जण ओळीनं बसले होते. पुढे होता म्हातारा ओसमोन. त्यानं तोंड उघडलं, बोटानं एकेक टोपी चाचपली आणि मला विचारलं, “माझ्या सात आहेत, पोरी. घरी जायला सगळ्या काढाव्या लागतील का?”