ठिपक्याची दोन अंडी

माझ्या बायकोचा, सरुबाईचा, तेरावा उरकून मी वडगावहून लोणावळ्याला परत आलो, तेव्हा अंडी उबवायच्या पेटीचा दिवा जळत होता.

तो जळायला नको होता. आम्ही नवराबायको एका शेठच्या बंगल्याची राखण करायचो. शेठनं टाकून दिलेली ती पेटी बायकोनं मागून घेतली, मागच्या खोलीत ठेवली आणि आमच्या बदकीची नऊ अंडी तिच्यात मांडली. चौथ्या दिवशी तिला ताप भरला. मी तिला वडगावला तिच्या भावाकडं, डॉक्टरपाशी नेलं. चार दिवसांत ती गेली. त्यानंतरचे तेरा दिवस मी तिकडंच होतो. दिव्यात एका दिवसापुरतं रॉकेल मावतं. म्हणजे रोज कुणीतरी माझ्या घरात शिरत होतं.

बदकांची जोडी मात्र नव्हती. खुराड्यापाशी नुसती पिसं पडली होती. बायकोच्या हातचं म्हणावं असं आता त्या नऊ अंड्यांपलीकडं काही उरलं नव्हतं.

अंडी नीट पाहिली. प्रत्येकावर कोळशाची एक रेघ होती. ती बायकोनंच मारलेली, अंडं फिरवलं की नाही ते कळायला. पण दोन अंड्यांवर रेघेशेजारी काळा ठिपका होता. तो मी आधी पाहिला नव्हता.

शेजारच्या बंगल्याचा माळी कोंडाजी, त्याला बोलावून दाखवलं.

"महिपती, दुसऱ्याच्या दिव्यात फुकट रॉकेल कोन घालतं रं?" तो म्हणाला. "कायतरी न्यायचं आसंल, न्हाईतर करायचं आसंल. ठिपका कशाचा ह्यो?"

"मला काय म्हाईत?"

"मग झालं तर. बदकं खाल्ली, आता अंडी राखून ठिवल्यात."

दुसऱ्या दिवशी बाजारातून आलो तर अंडी ओली. सगळी. हातानं पाणी शिंपडल्यासारखी. ओलं अंडं नासतं, एवढं मलाही कळत होतं. मी ती एकेक पुसून ठेवली. तिसऱ्या दिवशी बाहेर जाताना उंबऱ्यावर चुलीतली राख पसरली. आलो तेव्हा राखेत अनवाणी पावलं उमटली होती. लहान, बाईमाणसाची.

मोळी विकायला डोंगरातल्या ठाकरवाडीतून एक शालूबाई यायची. ती आल्यावर मी तिच्या पायांकडंच बघत राहिलो.

"आबा, लय वाईट झालं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "अंडी कशी हायेत?"

अंड्यांचं हिला काय ठाऊक? मी म्हणालो, "कंची अंडी? चालाय लाग." आणि दार लावून घेतलं. त्याच दिवशी कोंडाजीकडून कुलूप आणलं आणि खोलीला घातलं. पुढं चारपाच दिवस ती मोळी घेऊन यायची, कुलपाकडं बघायची आणि जायची. मी खिडकीतून तिच्यावर नजर ठेवायचो. तेल मी घालत होतो, अंडी मी फिरवत होतो. ती आता कोरडी ठणठणीत होती. चोराचा डाव मोडला म्हणून मी खूश होतो.

अंडी मांडल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी आठ अंड्यांना टवके पडले. आतून चिवचिव ऐकू आली. किती दिवसांनी घरात आवाज झाला. मी पेटीपुढंच बसून राहिलो.

दिवस गेला. दुसरी सकाळ झाली. एकही पिल्लू बाहेर येईना. टवक्यातून चोच दिसायची, हलायची, पण आतला पापुद्रा वाळून कागदासारखा त्यांना चिकटला होता. आवाज बारीक होत चालला. मला राहवेना. मी एक अंडं उचललं आणि नखानं कवच भराभर सोललं. पापुद्रा ओढला तसं रक्त आलं. पिल्लाच्या पोटाशी पिवळा बलक अजून बाहेरच होता. ते माझ्या तळहातावर दोनदा हललं आणि थांबलं.

मी दुसरं अंडं हातात घेतलं होतं. तेवढ्यात दारातून कुणीतरी ओरडलं, "आबा, ठिवा ते!"

शालूबाई. मोळी तिनं अंगणातच टाकली होती.

"तू हितं कशी?"

"चिवचिव आयकली. पानी मारत व्हते ते बंद का केलं तुमी? बदकाचं अंडं कोरडं ठिवत्यात व्हय? बदकी तळ्यातनं वल्ल्या पोटानं येऊन बसती, कंदी बगितली न्हाई?"

"तुला कुनी सांगितलं ह्ये?"

"सरुमावशीनं. पानी कोमट करा आदी. मला मागनं हाना."

माझा विश्वास बसला नव्हता. पण दुसरं कोण होतं? मी पाणी तापवलं. तिनं फडकं भिजवून पिळलं, पापुद्रे ओले केले, टवक्याभोवतीचं कवच कणाकणानं काढलं. लाल शीर दिसली की हात थांबवायची आणि अंडं परत पेटीत ठेवायची.

"काड की आता," मी म्हणालो.

"रगत हाय आजून. त्ये आत गेल्याबिगर न्हाई."

"मरंल ते!"

"वडलं की मरतं. बगितलंत न्हवं?"

मला वाटलं, मुद्दाम वेळ काढतेय. मग तिनं एक अंडं उचललं आणि मिटलेल्या पापणीला लावलं, ऊब बघायला. माझी बायको तसंच करायची. मी तिला हसायचो. ते तिनं दुसऱ्या कुणापुढं केलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी पाण्याखाली जाळ सारत राहिलो.

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत सहा पिल्लं सुटली. शेवटच्याला तिनं फक्त कवचाची वरची टोपी मोकळी करून दिली, बाकीचं त्यानं स्वतः लाथा मारून केलं. एक अंड्यातच गेलं. एकाला टवकाच पडला नव्हता.

"मावशी बंगल्यात कामाला आसली की दुपारचं मी बगायचं," शालूबाई हात पुसत म्हणाली. "दोन पिल्लं माजी, आसं ठरलंतं. ठिपक्याची."

मी सोललेल्या अंड्याचं कवच जमिनीवर पडलं होतं. तिनं एक तुकडा उचलून माझ्यापुढं धरला. त्यावर ठिपका होता.

"बदकं रातची कोल्ह्यानं न्हेली," ती म्हणाली. "रातची मी हितं नसते. दिवा तेवढा राखला."

मी मान खाली घातली. म्हणालो, "ठिपक्याचं एकच ऱ्हायलं."

"मग? तुमी मारलं, तुमी भरा. दुसरं द्या."

आठ दिवसांनी ती टोपली घेऊन आली आणि दोन पिल्लं घेऊन गेली. ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी उरलेली मोजली. चार होती. चारच असायला हवी होती.

कोंडाजीचं कुलूप परत करायला गेलो.

"सापडला का चोर?"

"चोर न्हवताच," मी म्हणालो.

"मग दिवा कोन लावत व्हतं?"

मी त्याला सगळं सांगितलं. राखेचंसुद्धा.