दोन पिंपळवाड्या

"मॅडम, सर्टिफिकेट भेटंल ना?" शिवमनं दारातूनच विचारलं.

"न्हाई," लुंबिनी म्हणाली. "चहा भेटंल."

शिवम हसला आणि आत येऊन बसला.

लुंबिनी नांदेडच्या एका खासगी कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळायची, प्रात्यक्षिकं घ्यायची. वर्षभर तिनं एकच ध्यास घेतला होता. सिमँटिक वेबवर काम करतील, स्वतः कोड लिहितील, अशी पोरं इथं गोळा करायची. शब्द जड होता, काम तसं साधं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला इंटरनेटवर तिचा स्वतःचा, कायमचा पत्ता द्यायचा, आणि तिचं इतर गोष्टींशी नातं काय, ते यंत्राला कळेल असं लिहून ठेवायचं. पण आधीच्या दोन्ही कार्यक्रमांत तिनं भाषणं दिली, पडद्यावर आकृत्या दाखवल्या, आणि चहा झाल्यावर पोरं जी पांगली ती पांगलीच. विभागप्रमुख वैजनाथ सर काल म्हणाले होते, "मॅडम, पुढच्या महिन्यापासून रविवारी लॅब प्लेसमेंटच्या तयारीला लागणार. हा तुमचा शेवटचा रविवार धरा. वाईट वाटून घेऊ नका, पण पोरांना याची गोडी न्हाई."

म्हणून आज तिनं पडदा उघडलाच नाही. "भाषण न्हाई आज," ती म्हणाली. "मशीनवर बसा, आणि आपापलं गाव लिहा."

पोरं मोजकीच होती. ऋतुजानं नायगाव घेतलं, शिवमनं देवणी. लुंबिनीनं अर्धवट लिहून ठेवलेला प्रोग्राम त्यांनी पुढं न्यायचा होता. थोड्या वेळानं शिवम ओरडला, "मॅडम, माझं गाव दूध द्यायलंय!"

सगळे त्याच्या मशीनभोवती जमले. 'देवणी म्हणजे काय' या प्रश्नाला तालुक्याचं ठिकाण, रंग पांढरा-काळा, दूध बऱ्यापैकी, असं काहीबाही उत्तर आलं होतं. हसून हसून पोरांची पुरेवाट झाली.

"तू देवणी गावाचं विचारतोस का देवणी गाईचं, ते मशीनला कसं कळावं?" लुंबिनी म्हणाली. "तूच सांग त्याला."

शिवम हट्टाला पेटला. गावाला एक पत्ता, गाईच्या जातीला दुसरा, आणि जातीला नाव गावावरून पडलं, हे मधलं नातं. उत्तर नीट येईपर्यंत तो चहालाही उठला नाही.

चहाचा कप हातात घेऊन ऋतुजा लुंबिनीजवळ आली. "मॅडम, राग येऊ देऊ नका. ह्याच्यावर इथं नोकऱ्या न्हाईत. तुम्ही कामून एवढं करून राहिलात?"

लुंबिनीनं हे कॉलेजात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"माझं गाव पिंपळवाडी," ती म्हणाली. "शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं. दुसरी एक पिंपळवाडी देवणीकडं हाय. तीन वर्षांखाली बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आईनं फोन करून दवाखान्याची गाडी मागवली. ड्रायव्हर बिचारा सुसाट आला, पण फोनच्या नकाशानं त्याला दुसऱ्या पिंपळवाडीला नेलं. तिथून फिरून आमच्याकडं येईस्तोवर बाबा गेले होते."

ऋतुजानं हातातला कप टेबलावर ठेवला.

"वेळेवर आली असती तर वाचले असते का, ते डॉक्टरला बी सांगता आलं न्हाई," ती म्हणाली. "पण गाडी आली तरी असती."

शिवमनं खुर्ची पुढं ओढली. "मॅडम, ती देवणीकडली पिंपळवाडी माझ्या मामाचं गाव हाय. ती मी लिहितो."

"आन् तुमची मी," ऋतुजा म्हणाली.

दुपारी दोघं-तिघं निघून गेले, बाकीचे बसून राहिले. वैजनाथ सर कुलूप लावायला आले. दारात उभे राहून त्यांनी वाकलेल्या पाठी पाहिल्या, चावी टेबलावर ठेवली, "जाताना वॉचमनकडं द्या," एवढंच म्हणाले आणि गेले.

"मॅडम, डांबरी रस्त्यावरून गावात वळायचं कुठून?" ऋतुजानं विचारलं. "इथं दोन वळणं दिसायलीत."

लुंबिनीला खात्रीनं सांगता येईना. तिनं आईला फोन लावला. आई आता गावी एकटीच राहायची.

"आई, मोठ्या रस्त्यावरून आपल्याकडं वळायचं कुठून, नीट सांग बरं."

"पाण्याच्या टाकीपासून, डाव्या हाताला. अलीकडला रस्ता धरायचा न्हाई, तो रानात जातो. कामून गं? कोन यायलंय का?"

"न्हाई आई. लिहून ठेवायलोत."

आई सांगू लागली. "त्या दिशी मी टाकीपाशीच हुबी होते. गाडी चुकू नाई म्हनून. शेजारची समदी रानात गेल्ती. तुझे बाबा म्हनले, तू जा, वळनावर हुबी ऱ्हा, मी हाय हितं. लई येळ हुबी होते बग."

शेवटच्या घटकेला आई बाबांच्या उशाशी होती, असंच लुंबिनी आजवर समजून चालली होती.

ऋतुजा कीबोर्डवर बोटं ठेवून तिच्याकडं बघत होती.

"लिही," लुंबिनी म्हणाली. "पाण्याची टाकी. डाव्या हाताला."

फोन तिनं कानापासून काढला नाही. पलीकडं आईनंही तो ठेवला नव्हता.